आत्याआजीचा हात आणि विजेचा धागा

मुलांनो,

व्हिडिओ कॉलवर तुम्ही आत्याआजीला हात वर करून दाखवायला सांगता. ती दाखवते, तुम्ही टाळ्या वाजवता, ती खोटेखोटे रागावते आणि तेवढ्यात तुमच्याकडे शाळेची बस येते. त्या हाताची सगळी गोष्ट फोनवर कधी सांगून होत नाही. कधी आवाज तुटतो, कधी तीच मागून म्हणते, "पुरे आता वहिनी, पोरांना अभ्यास असेल." म्हणून सलग लिहून काढते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. एखादा शब्द अडला तर त्यांना थांबवा. ते भरभर वाचतात, लहानपणापासूनच.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. ती मला वहिनी म्हणते, मी तिला वन्सं म्हणते. तिचे लग्न घोटीला झाले होते, भाताच्या गिरणीवाल्यांच्या घरात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे यजमान गेले आणि आजोबा तिला इकडे घेऊन आले. तेव्हा मीही या घरात नवीन होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे आणि ती घर सांभाळायची. पुढे तुमच्या बाबांनाही तिनेच सांभाळले. तिची पहिली आठवण विचाराल तर मला चेहरा आठवत नाही, हात आठवतात. मांडीवर कापूस, बोटांना किंचित भस्म, आणि तळव्यावरून तळवा सरकला की त्यातून निघणारी वात. गप्पा मारताना, टीव्ही बघताना, माझ्याशी अबोला असतानासुद्धा तिच्या वाती चालू असत. अबोल्यात जरा जास्तच होत.

आपल्या गच्चीवरून सकाळी लवकर एकलहऱ्याचे वीज केंद्र दिसते. तुम्ही येता तेव्हा तुमचे दिवस-रात्र उलटे झालेले असतात, त्यामुळे ती वेळ तुम्ही नेमकी झोपून काढता. आजोबांची सगळी नोकरी तिथे झाली. उंच धुरांड्यांच्या शेजारी रुंद, मध्ये आवळलेले मनोरे आहेत. त्यांतून पांढरी वाफ निघते. वारा नसला की ती वर जाता जाता विरळ होते आणि कुठे संपली ते सांगता येत नाही. आत्याआजी तिला 'दादाचा कापूस' म्हणते. आजोबा गेल्यावर तिने त्यांच्या नावाने लाख वातींचा नेम धरला. वळून झालेल्या वाती ती पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवी. मी त्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्या तर म्हणाली, "वातीला काय नाव द्यायचं, वहिनी? वात आहे ती. तुमचं चाललं तर तुम्ही देवालासुद्धा चिठ्ठी चिकटवाल."

हे सगळे थांबले ते होळीच्या आधी. न्हाणीघरात तिचा पाय घसरला. आधारासाठी तिने उजवा हात भिंतीकडे टाकला, आणि भिंत तिला वाटत होती त्याहून लांब निघाली. दंडाचे हाड मधोमध मोडले. डॉक्टरांनी खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टा बांधला आणि हात गळ्यातल्या झोळीत ठेवायला सांगितला. हाड बहुतेक आपोआप जुळेल, असे ते म्हणाले.

चैत्र गेला, वैशाख गेला. आषाढात पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला तेव्हा मलाही कळले. हाडाची दोन टोके समोरासमोर होती आणि मध्ये काळी फट होती. भांडण झालेली दोन माणसे एकाच बाकावर बसावीत, तशी ती दिसत होती.

"आतापर्यंत जुळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते तरुण आहेत आणि फार हळू बोलतात. "आता धातूची पट्टी बसवावी लागेल. आणि कमरेच्या हाडातले थोडे तुकडे काढून या फटीत भरावे लागतील. दिवाळीच्या आत ठरवा, आजी. टोकं झिजत चाललीत. फार उशीर केला तर मलाही जमेलच असं सांगता येणार नाही."

"आणि नाहीच केलं तर?" आत्याआजीने विचारले.

"तर हात असाच राहील. बोटं हलतील, पण हात उचलता येणार नाही."

बोटे हलत होती, हेच वाईट होते. समोर कापूस दिसला की तिची बोटे आपोआप जवळ येत. पण वात वळायला तळवा पुढे सारावा लागतो, आणि त्याला दंडाचा जोर लागतो. तिने एकदाच तो प्रयत्न केला. जिथे सांधा नाही तिथे तिचा हात वाकला. दुसऱ्या दिवशी तिने वातींचे डबे माळ्यावर टाकायला लावले.

शस्त्रक्रियेला मात्र तिने नाही म्हटले. "चांगलं हाड मोडून मोडक्याला लावायचं," ती म्हणाली, "म्हणजे उद्या हातही नाही आणि कंबरही नाही. आज निदान चालते तरी. मला नाही करायचं." तुमच्या बाबांनी फोनवर खूप समजावले. ती "बरं" म्हणाली. तिचे "बरं" कुठले खरे आणि कुठले खोटे, हे या घरात फक्त मला ओळखता येते. ते खोटे होते.

तो श्रावण मला स्वप्नासारखा आठवतो. दुपारी बाहेर बारीक पाऊस असायचा, असून नसल्यासारखा. ती झोपाळ्यावर बसायची, मी समोर खुर्चीत. दोघींचाही डोळा लागायचा. जाग आली की कोण आधी झोपले होते ते ठरवता यायचे नाही. तिचा झोळीतला हात मांडीवर असायचा आणि झोपेत अंगठा तर्जनीवर घासत असायचा. कापूस नव्हता, तरी ती वळत होती. मी पाहत राहायचे. एकदा मला वाटले, खरेच तिच्या बोटांतून काहीतरी पांढरे निघते आहे आणि जमिनीवर साठते आहे. मग जाग आली. उन्हाची तिरीप होती.

आता वरच्या खोलीतल्या ताईबद्दल. तुम्ही तिला फोनवर पाहिले आहे. ती सुरगाण्याच्या डोंगरातली. तिचे वडील जीप चालवतात. राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर पुस्तकांपेक्षा मोठी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची गोणी होती. इथल्या एका कॉलेजात ती संशोधन करते. मला ती आजी म्हणते आणि आत्याआजीला मोठ्या आजी. आत्याआजीने पहिल्याच दिवशी तिला गाठले होते. हात मोडायच्या फार आधीची गोष्ट.

"कसला अभ्यास म्हणालीस?"

"हाडासाठी धागे बनवते, मोठ्या आजी."

"हाडाला टाके घालतात होय?"

"टाके नाय. बाज विणतात ना, तसं. हाडाने येऊन त्याच्यावर बसायचं."

"तुमच्याकडची हाडं बसतात. आमची लोळतात," आत्याआजी म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींचे जमले.

त्या धाग्यांना ओल चालत नाही. पावसाळ्यात ते काढायला गेले की त्यांत गाठी पडतात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत काढलेले काही पत्रे तिने जपून ठेवले होते. पत्रे म्हणजे कागदाइतके पातळ, कापसासारखे पांढरे. पुढच्या सगळ्या चाचण्या त्यांच्यावर व्हायच्या होत्या. पावसाळ्यात कॉलेजातले कोरडे कपाट बिघडले, तेव्हा ती माझ्याकडे आली.

"आजी, तुमच्या साड्यांच्या कपाटात एक डबा ठेवू का? नाशकात त्याच्याइतकं कोरडं काही नाय. आत औषध वगैरे नाय, कोरेच आहेत."

माझ्या कपाटात प्रत्येक साडी मलमलच्या पिशवीत असते आणि प्रत्येक कप्प्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बाबांनी त्यावरून माझी पुरेशी थट्टा केलेली आहे. मी खालचा कप्पा रिकामा करून दिला. डब्यावर नेहमीप्रमाणे ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली. काय आहे, कोणाचे आहे, हात लावू नये. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजीत असतात, तशीच हीसुद्धा.

मग भाद्रपद आला. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्या उभ्या करायच्या दिवशी मी सकाळी दुसऱ्या दिवसाच्या सोळा भाज्या आणायला बाजारात गेले. परत आले तेव्हा उन्हे चांगलीच वर आली होती. घरात शांत होते. मी दारातच पिशव्या ठेवल्या.

दोघी महालक्ष्म्या उभ्या होत्या. एरवी साड्या नेसवायला दोघी लागतो. आत्याआजीने एका हाताने आणि दातांत टाचण्या धरून ते केले होते. पण मी थांबले ते साड्यांमुळे नाही. दोघींच्या गळ्यात कापसाचे वस्त्र होते. तुम्ही पाहिले असेल, कापसाची लांब पट्टी ओढून तिला ठरावीक अंतरावर पीळ देतात आणि प्रत्येक मण्यावर कुंकवाचे बोट लावतात. त्याला वस्त्र म्हणतात, देवाचा अलंकारच तो. पण हे वस्त्र कापसाचे वाटत नव्हते. समईच्या उजेडात त्याला एक थंड, दुधाळ चमक होती, जणू पहाटेची थोडी वाफ कोणी गच्चीवरून खाली आणून त्यांच्या गळ्यात घातली होती. वारा नव्हता, तरी ते किंचित हलत होते.

"बघा वहिनी," आत्याआजी म्हणाली. ती खाली चटईवर बसली होती. कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर होळीच्या आधीचे तिचे ते जुने हसू होते. "वात नाही जमत, पण वस्त्राला नुसती बोटं लागतात. कोपर मांडीवर टेकवलं की झालं. हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या."

मी कपाटाकडे पाहिले. दार उघडे होते. महालक्ष्म्यांच्या साड्या खालच्याच कप्प्याच्या शेजारी असतात.

तेवढ्यात वरची मुलगी दर्शनाला उतरली. आंघोळ करून, ओले केस बांधून आली होती. तिने हात जोडले. पण डोळे मिटले नाहीत.

"मोठ्या आजी," ती म्हणाली, "हा कापूस कुठला?"

"वहिनींच्या कपाटातला. वर चिठ्ठी होती, इंग्रजी. म्हटलं, भारीतला असेल." मग तिच्या तोंडाकडे पाहून, "का गं? तुझा होता?"

"माझा होता."

"मग सांगून ठेवायचं. पण कापूस म्हणून काही खरा नाही हो तुझा. पाण्याला दादच देत नाही. थेंब लावला की घरंगळतो. शेवटी कोरडं कुंकू जवळ नेलं, तर ते आपणहून जाऊन चिकटलं."

मुलगी खाली बसली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती, आणि थोडी रडतही होती. "पाणी धरत नाय, तेच तर," ती म्हणाली. "पेशींना पण आवडत नाय ते. माझे सगळे दिवस त्याच्याशी भांडण्यात जातात."

डब्यात काही उरले नव्हते. आता पाऊस उघडेपर्यंत तिला नवे धागे काढता येणार नव्हते. हे मीच आत्याआजीला सांगितले, कारण मुलगी सांगत नव्हती. आत्याआजीचे ते जुने हसू गेले. ती बराच वेळ महालक्ष्म्यांकडे बघत राहिली.

"काय होतं ते मला नीट सांग," ती शेवटी म्हणाली. "मी काय मोडलं ते मला कळू दे."

मग त्या मुलीने महालक्ष्मीच्या गळ्यातल्या वस्त्राचे टोक हलक्या हाताने पुढे घेतले आणि सांगू लागली.

"हाड मोडलं ना, की शरीर आधी स्वतःच तिथे एक जाळं विणतं. पेशी येतात, त्या जाळ्याला धरून बसतात, मग हळूहळू हाड भरतं. कधीकधी हे काम मध्येच थांबतं. तुमच्या दंडात थांबलंय तसं. म्हणून आम्ही बाहेरून जाळं विणून द्यायचं बघतोय. बाजेला सुंभच नसेल तर माणूस निजेल कशावर? हा धागा म्हणजे सुंभ. हाड भरत आलं की तो आपोआप विरघळून जातो."

"आणि हे?" आत्याआजीने एका मण्यावरच्या कुंकवावर बोट ठेवले.

"बरोब्बर तिथेच आम्ही जनुक ठेवतो."

"म्हणजे काय?"

मुलीने इकडेतिकडे पाहिले. जेवणाच्या टेबलावर तुमचे पार्सल अर्धवट बांधलेले पडले होते. "आजी नातवंडांना लाडू पाठवतात, ते काय होऊन पोचतात?"

"भुगा," मी म्हणाले.

"औषधाचं तेच होतं. हाड वाढवणारं औषध असतं, पण ते नुसतं फटीत घातलं की टिकत नाय, वाहून जातं. म्हणून लाडू पाठवायचे नाय. लाडवांची कृती पाठवायची. जनुक म्हणजे कृती. ती धाग्यावर ठेवायची. पेशी येऊन बसली की ती कृती आत घेते, आणि स्वतःच्याच घरात लाडू वळायला लागते. ताजे."

"कृती दिली म्हणजे सगळ्यांना जमतं असं नाही," आत्याआजी म्हणाली. "वहिनींना विचार."

"पेशींना पण सगळ्यांना नाय जमत," मुलगी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

मी स्वयंपाकघरात भाज्या ठेवायला निघाले होते, तेवढ्यात मागून आत्याआजीचा आवाज आला. मीठ मागावे इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मग माझ्या दंडात घाल की."

मी वळले नाही. मुलीचे उत्तर मला पाठमोरीच ऐकायचे होते.

"नाय घालता येत, मोठ्या आजी. आता ते काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय. मग उंदरांवर बघतात. नंतर मोठ्या जनावरांवर. मग कधीतरी माणसांवर. मध्येच कुठेतरी चुकलं तर तिथेच राहतं."

"कधीपर्यंत होईल?"

"माहीत नाय. उगीच सांगणार नाय मी तुम्हाला."

"तेवढी मी थांबत नाही," आत्याआजी म्हणाली. त्यात दुःख नव्हते. बस किती वाजता येते ते विचारून घरी परतावे, तसे ते होते.

मग मुलगी म्हणाली, "पण आम्ही जे बनवायला बघतोय ना, ते तुमच्याकडे आहेच. कमरेच्या हाडात. जाळं पण आहे, पेशी पण आहेत, कृती पण आहे. सगळं एकात. डॉक्टर तेच काढून लावायचं म्हणतायत. आम्ही इतकी माणसं त्याचीच नक्कल करतोय, आणि अजून तेवढं चांगलं जमत नाय."

डाव्या हाताने थोरल्या महालक्ष्मीची निरी सारखी करत आत्याआजी बसून राहिली.

महालक्ष्म्या गेल्या. विसर्जनाच्या दिवशी मुलीने एकच विनंती केली, ते वस्त्र निर्माल्यात टाकू नका, हा धागा नदीत लवकर विरत नाही. म्हणून ते मुखवट्यांच्या पेटीत राहिले. त्यातला एक मणी तिने कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि फोटो आणला. पांढऱ्या वाटांचे जंगल, आणि त्यात जागोजागी अडकलेले लाल खडे. तो फोटो आपल्या फ्रिजवर लावलेला आहे. लोकांना वाटते तुमच्यापैकी कोणीतरी काढलेले चित्र आहे.

अनंत चतुर्दशीनंतर दोन-चार दिवस चांगली उघडीप मिळाली. एका सकाळी मुलगी खाली येऊन म्हणाली, "आज हवा कोरडी आहे. धागे काढणार आहे. मोठ्या आजी, येता?"

आत्याआजीने साडी बदलली. चांगली नेसली.

ती खोली लहान होती, पडदे ओढलेले होते. एका काचेच्या पेटीत आडवी ठेवलेली सिरिंज होती, तिच्या तोंडाला सुई. सुईसमोर वीतभर अंतरावर एक रूळ हळू फिरत होता, त्याला चांदीसारखा कागद गुंडाळलेला. बाकी काही नाही. मुलीने आम्हाला स्टुलांवर बसवले, काचेपासून जरा लांब, आणि हात लावू नका म्हणून बजावले. मग कळ दाबली.

सुईच्या टोकाला एक थेंब आला. तो लोंबेल आणि पडेल, असे मला वाटले. पण तो पडेना. फुगला, आणि मग त्याला टोक आले, मोदकाच्या नाकासारखे. त्या टोकातून एक अगदी बारीक रेघ निघाली. बोटभर सरळ गेली, आणि मग दिसेनाशी झाली.

"कुठे गेला?" आत्याआजीने विचारले.

"तिकडे बघा," मुलगी रुळाकडे बोट दाखवून म्हणाली.

रुळावर काही नव्हते. मग कागदाची चकाकी थोडी मंद झाली, आरशावर कोणी श्वास सोडावा तशी. मग पांढुरके झाले. मग पांढरे. मधल्या हवेत आम्हाला काहीच दिसत नव्हते, आणि पलीकडे मात्र साठत चालले होते. पाहता पाहता वेळ कुठे गेला, मला सांगता येणार नाही. माझे डोळे जड झाले होते. श्रावणातल्या त्या दुपारी तिच्या बोटांतून जे निघताना मी पाहिले होते, ते हेच होते, असे मला वाटत राहिले, आणि हे कोणाला सांगावे असे वाटेना.

"कोण ओढतं त्याला?" आत्याआजी कुजबुजली. देवळात बोलतात तसे.

"वीज ओढते. सुई आणि रूळ यांच्यात विजेचा खूप मोठा दाब असतो."

"कुठली वीज?"

मुलगी जरा गोंधळली. "कुठली म्हणजे... आपलीच. एकलहऱ्याची असेल."

आत्याआजीच्या झोळीतल्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता. थोड्या वेळाने ती अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाचा कापूस." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. बिटको चौकात गर्दी होती, रिक्षा थांबून थांबून चालली होती.

"इकडचं काढून तिकडे लावलं की काय होतं, मला माहीत आहे वहिनी," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले.

"घोटीहून आले तेव्हाचं म्हणते. मला वाटायचं, हे घर काही मला धरत नाही. तुमचं चुकत नव्हतं काही. दादाचंही नाही. पण सकाळी जाग आली की आधी वाटायचं, मी कुठे आहे."

"मग कधी धरलं?"

तिने विचार केला. "कळलंच नाही. मी वाती वळत होते."

रिक्षा पुन्हा निघाली. बऱ्याच वेळाने, घर जवळ आल्यावर तिने विचारले, "कमरेतलं काढल्यावर फार दुखतं का हो?"

"दुखतं म्हणतात. काही आठवडे."

"बरं," ती म्हणाली. हे बरं खरे होते.

दसऱ्यानंतर शस्त्रक्रिया झाली. दंडापेक्षा कंबरच जास्त दुखली, आणि त्याबद्दल तिने डॉक्टर, नर्स, मी आणि वरची मुलगी, सगळ्यांना सारखेच बोलून घेतले. दिवाळीत तिने फराळाचे काही केले नाही, खुर्चीत बसून मला सूचना दिल्या. त्या दिवाळीचे लाडू तुमच्यापर्यंत कसे पोचले ते तुम्ही कळवले होतेच.

मार्गशीर्षात फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. धातूची पट्टी ठसठशीत दिसत होती. पण मी फट शोधत होते. तिथे आता धूसर काहीतरी होते, कडा नसलेले, टोकांच्या भोवती जमलेले. मला वाटले फोटोच हलला आहे.

"हे धुकं दिसतंय ना," डॉक्टर म्हणाले, "तेच हवं होतं. नवीन हाड आधी असंच दिसतं."

आत्याआजीने तो फोटो डाव्या हातात घेऊन खूप वेळ पाहिला. "पांढरं साठलंय," ती म्हणाली.

तरी हात उचलायला ती घाबरत असे. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांच्यासमोर ती कण्हत थोडासा उचलायची आणि त्या गेल्या की पुन्हा मांडीवर ठेवायची. मनाला अजून ती फट दिसत असावी. वरच्या मुलीचे नवे धागे तयार झाले होते आणि पेशी त्यांच्यावर पहिल्यांदाच नीट बसल्या होत्या. ती येता-जाता आत्याआजीला विचारायची, "बसलं का हाड?" आणि आत्याआजी तिला उलट विचारायची, "तुझ्या पेशी बसल्या का?"

पौषातली एक सकाळ. थंडी चांगली पडली होती. आम्ही दोघी शाली घेऊन गच्चीवर गेलो होतो. खाली रस्ता दिसत नव्हता, समोरची झाडे अर्धी दिसत होती. धुके कुठे संपते आणि एकलहऱ्याची वाफ कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. मग सूर्य थोडा वर आला आणि ती वाफ एकदम वेगळी दिसू लागली, सोनेरी कडेची, सरळ वर जाणारी, खूप लांब.

"वहिनी, तो बघा," आत्याआजी म्हणाली, "आज किती लांब काढलाय."

ती बोट दाखवत होती. शाल खांद्यावरून घसरली होती. उजवा हात खांद्याच्या वर गेला होता आणि तिथेच हवेत होता, सरळ, मध्ये कुठेही न वाकता. तिला ते कळले नव्हते. मी वाफेकडे पाहिले नाही. मी काही बोललेही नाही, कारण बोलले असते तर तिने तो खाली घेतला असता.

हात दमला तेव्हा तिने तो स्वतःच खाली आणला, त्याच्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

"चला, चहा टाकते," मी म्हणाले.

जिन्यात ती माझ्या पुढे होती. तिने कठडा उजव्या हाताने धरला होता. खालच्या पायरीवर थांबून तिने मागे न बघता सांगितले, "माळ्यावरचे डबे काढायला कोणाला तरी बोलवा. तुम्ही चढू नका."